फ्लॅटपॅकच्या ॲपला डिस्क दिसत नाही, लायब्ररी सापडत नाही: आधी आत शिरून बघा

तुमची अडचण आधी माझ्या शब्दांत मांडतो, म्हणजे आपण एकाच गोष्टीबद्दल बोलतोय हे नक्की होईल. उबुंटू लिनक्सवर तुम्ही फ्लॅटहब या ॲपच्या भांडारातून एक फोटो एडिटर घेतलात, तो फ्लॅटपॅक पद्धतीचा, म्हणजे लागणाऱ्या लायब्ररी (प्रोग्रॅमना लागणारे तयार कोडचे संच) सोबत घेऊन वेगळ्या कप्प्यात चालणारा. फोटो दुसऱ्या डिस्कवर आहेत. ती डिस्क एमएनटी फोल्डरखाली माउंट होते, म्हणजे जोडली जाते, आणि होममधल्या, म्हणजे तुमच्या स्वतःच्या फोल्डरातल्या, ‘फोटो’ नावाच्या सिमलिंकवरून (दुसऱ्या जागेकडे नेणाऱ्या दुव्यावरून) तुम्ही तिथे जाता. फाइल मॅनेजरमध्ये सगळं दिसतं, एडिटरला तो लिंक दिसतो, पण उघडताना तो ‘अशी फाइल किंवा फोल्डर नाही’ म्हणतो. वैतागून तुम्ही अख्ख्या डिस्कवर सीएचमॉड ७७७, म्हणजे सगळ्यांना सगळ्या परवानग्या देणारी कमांड, चालवलंत, तरी फरक पडला नाही. एडिटरमधली एक स्क्रिप्ट एक्झिफटूल (फोटोतली माहिती वाचणारा, बदलणारा प्रोग्रॅम) मागते. ते तुम्ही एपीटीने, म्हणजे उबुंटूच्या नेहमीच्या पॅकेज कमांडने, बसवलंत, टर्मिनलमध्ये चालतंय, एडिटरला सापडत नाही. त्यात परवाच्या सिस्टिम अपडेटनंतर एडिटर रखडत चालायला लागलाय, आणि ग्राफिक्स कार्ड एनव्हिडियाचं आहे. शेवटचा प्रश्न असा की होस्टची, म्हणजे अख्ख्या मशीनवरच्या फाइलींची, पूर्ण परवानगी देऊन मोकळं व्हावं, की हे काढून उबुंटूचं नेहमीचं देब पॅकेज घालावं.

सगळ्यात आधी ते ७७७ मागे घ्या. बाकीचं वाचायच्या आधीच घ्या म्हणतो, कारण त्या डिस्कवर फोटोंखेरीज बॅकअप किंवा एसएसएचच्या (दूरच्या मशीनवर लॉगिन करायच्या) किल्ल्या असतील तर प्रश्न वाढतील. खासगी किल्ली इतरांना वाचता येत असेल तर एसएसएच ती वापरायलाच नकार देतं. मागे घेताना एक गोष्ट सांभाळा. पुष्कळ जण सीएचमॉडला मोठा एक्स देतात, म्हणजे फोल्डरना एक्झिक्यूट (चालवायची किंवा आत जायची परवानगी) मिळतं आणि साध्या फाइलींना मिळत नाही. पण मोठा एक्स ज्या फाइलीवर आधीच एक्झिक्यूट आहे तिचं एक्झिक्यूट तसंच ठेवतो, आणि ७७७ नंतर ते प्रत्येक फाइलीवर आहे. त्यामुळे इथे ती युक्ती चालणार नाही. फाइंड कमांड वापरून फोल्डरना ७५५ आणि फाइलींना ६४४ (लिहायची मुभा फक्त मालकाला) असं दोन वेगळ्या फेऱ्यांत करा, आणि किल्ल्या असतील तर त्यांना ६०० (वाचायचीही मुभा फक्त मालकाला). डिस्क एनटीएफएस किंवा एक्सफॅट असेल तर बहुधा काहीच बदललेलं नसेल, कारण तिथे मालकी आणि परवानग्या माउंट करतानाच्या पर्यायांवरून ठरतात.

आता मुद्द्याचं. ७७७ ने फरक का पडला नाही? कारण त्या फाइलीची परवानगी कुणी तपासलीच नाही. एडिटरच्या दृष्टीने ती फाइल अस्तित्वातच नाही.

फ्लॅटपॅक ॲप सुरू करताना बबलरॅप नावाचा छोटा प्रोग्रॅम कर्नलच्या (लिनक्सच्या गाभ्याच्या) नेमस्पेस नावाच्या सोयी वापरून त्या ॲपपुरतं एक वेगळं फाइलसिस्टिमचं झाड उभं करतो. त्या झाडात यूएसआर (प्रोग्रॅम आणि लायब्ररींचं) फोल्डर तुमच्या उबुंटूचं नसतं, रनटाइमचं, म्हणजे ॲपसाठी उतरवलेल्या लायब्ररींच्या संचाचं, असतं. ॲपच्या स्वतःच्या फाइली ‘ॲप’ नावाच्या फोल्डरात येतात. टीएमपी वेगळं असतं. होममधलं फक्त तेवढंच येतं जेवढं ॲपच्या परवानग्यांमध्ये लिहिलंय, आणि एमएनटी सांगितल्याशिवाय येत नाही. म्हणून ‘फाइलला काय परवानगी आहे?’ हा प्रश्न इथे दुसऱ्या क्रमांकाचा. पहिला प्रश्न: ‘ॲपला आतून काय दिसतंय?’

हे अंदाजाने ठरवायची गरज नाही, आत शिरून बघता येतं. ‘फ्लॅटपॅक रन’ला ‘कमांड’ हा पर्याय देऊन बॅश सांगा, पुढे ॲपचा आयडी द्या. एडिटरऐवजी त्याच पिंजऱ्यात एक शेल उघडेल. माझ्याकडे अशी तक्रार आली की मी पहिली दोन मिनिटं इथेच घालवतो. तुमच्या बाबतीत तिथे एलएस (फोल्डरची यादी देणारी कमांड) केलंत तर होममध्ये ‘फोटो’ हा सिमलिंक दिसेल असं मला वाटतं. लिंक एडिटरला दिसतो असं तुम्ही लिहिलंय, म्हणजे होमची परवानगी त्याला आहे. पण लिंक म्हणजे एका पत्त्याची चिठ्ठी. ती चिठ्ठी आत आली, ज्या पत्त्याकडे ती बोट दाखवते तो एमएनटीखालचा फोल्डर आत आलेला नाही. एलएसला एमएनटीचा पूर्ण मार्ग द्या, तो ‘नाही’ म्हणेल. तुमच्या पहिल्या तक्रारीचं कारण एवढंच आहे.

त्याच शेलमध्ये एलएसला सविस्तर यादी मागितलीत तर काही फाइलींचा मालक ‘नोबडी’ दिसेल. ते बघून कुणी पुन्हा मालकी बदलायला जाऊ नये म्हणून सांगतो. यूजर नेमस्पेसमध्ये फक्त तुमचा आयडी ओळखीचा असतो, रूटच्या किंवा इतरांच्या फाइली तिथे नोबडीच्या नावावर दिसतात. बाहेर काहीही बदललेलं नसतं.

उपाय: तेवढाच फोल्डर आत द्यायचा. ‘फ्लॅटपॅक ओव्हरराइड’ला ‘यूजर’ आणि ‘फाइलसिस्टिम’ हे दोन पर्याय द्या, दुसऱ्यात एमएनटीखालच्या फोटोंच्या फोल्डरचा पूर्ण, खरा मार्ग लिहा, सिमलिंकचा नको. फक्त बघायचं असेल तर मार्गाच्या शेवटी कोलन (:) आणि ‘आरओ’ लावलं की लिहायची मुभा जाते. कमांड लिहायचा कंटाळा असेल तर फ्लॅटसील हे ॲप हेच काम खिडकीतून करतं. मग एडिटर पूर्ण बंद करून पुन्हा उघडा. हे झाड ॲप सुरू होताना बांधलं जातं, चालू ॲपला नवीन परवानगी लागू होत नाही. खिडकी बंद करूनही मागे चालत राहणारी ॲप्स असतात, त्यामुळे ‘परवानगी दिली तरी काही होत नाही’ म्हणणाऱ्यांपैकी बऱ्याच जणांचं घोडं इथेच अडलेलं असतं. ‘फ्लॅटपॅक पीएस’ने कोण चालू आहे ते कळतं, ‘फ्लॅटपॅक किल’ने ते थांबतं.

ओव्हरराइड सुडोने, म्हणजे ॲडमिनच्या अधिकाराने, चालवू नका. ‘यूजर’ न लावता सुडोने चालवलं की तो बदल मशीनवरच्या सगळ्यांसाठी वेगळ्या ठिकाणी लिहिला जातो, आणि पुढे फ्लॅटसीलमध्ये एक दिसतंय, प्रत्यक्षात दुसरंच चाललंय असा गोंधळ होतो. शिवाय ॲप काढून टाकलं तरी ओव्हरराइड मागे राहतं. मागे एका मशीनवर एक ॲप तीनदा काढून घातलं, दरवेळी ते उघडताच बंद पडायचं. वर्षभरापूर्वी कुणीतरी प्रयोग म्हणून त्याचं वेलँड सॉकेट आणि एक्सचं सॉकेट (पडद्यावर खिडकी काढायच्या दोन वाटा) दोन्ही बंद करून ठेवलं होतं, आणि ती तीन ओळींची फाइल होममध्ये तशीच पडून होती. ‘ओव्हरराइड’ला ‘शो’ दिलं की लिहिलेलं दिसतं, ‘रीसेट’ दिलं की पुसलं जातं. ओव्हरराइड धरून ॲपच्या एकूण परवानग्या हव्या असतील तर ‘फ्लॅटपॅक इन्फो’ला ‘शो परमिशन्स’ द्या.

मग होस्टची पूर्ण परवानगी का नको? ती दिलीत तर तुमची डिस्क दिसेल, हे खरं आहे. पण तुमच्या उरलेल्या दोन तक्रारी तिने सुटणार नाहीत, कारण होस्ट दिलं तरी यूएसआर रनटाइमचंच राहतं. आणि किंमत मोठी आहे. तुमच्या होममधल्या बॅशआरसी फाइलमध्ये जे ॲप लिहू शकतं, ते पुढच्या वेळी तुम्ही टर्मिनल उघडाल तेव्हा पिंजऱ्याबाहेर हवं ते चालवू शकतं. होम पूर्ण लिहिता येत असेल तेव्हाही हेच लागू आहे. काही एडिटर फ्लॅटहबवरच होस्ट परवानगी घेऊन येतात हे मला माहीत आहे. जो प्रोग्रॅम अनोळखी लोकांनी पाठवलेल्या फाइली उघडतो, त्याला मी जमेल तेवढं कमी देतो. तुमचे सगळे फोटो त्या एकाच डिस्कवर असतील तर डिस्कचा फोल्डर द्या आणि होमची परवानगी काढून बघा. चालतंय असं दिसलं तर तसंच ठेवा. फोटोंचा पसारा होममध्येही असेल तर तेवढा एक फोल्डर वेगळा द्या.

इथे पोर्टलबद्दल सांगायलाच हवं, कारण फोटोवाल्यांना ते एका खास ठिकाणी चावतं. परवानगी नसतानाही ‘फाइल उघडा’ची खिडकी तुम्हाला सगळी डिस्क दाखवते. कारण ती खिडकी ॲपची नसते, बाहेर चालणाऱ्या एक्सडीजी डेस्कटॉप पोर्टलची असते. तुम्ही फाइल निवडलीत की तेवढीच फाइल आत सरकवली जाते, आणि ॲपला तिचा मार्ग रन फोल्डरखाली, तुमच्या यूजर क्रमांकाच्या आत, ‘डॉक’ नावाच्या जागेत, काही विचित्र अक्षरांच्या फोल्डरात असा दिसतो. फाइल उघडते, सगळं छान वाटतं. पण रॉ फोटोवर (कॅमेऱ्याच्या कच्च्या फाइलवर) केलेले बदल शेजारच्या एक्सएमपी फाइलमध्ये असतात, आणि ती शेजारची फाइल आत आलेली नसते. परिणाम असा की आधीच्या आठवड्यात घासूनपुसून तयार केलेला फोटो पुन्हा कोरा दिसतो आणि माणूस घाबरतो. बदल गेलेले नसतात, एडिटरला ती फाइल दिसत नसते, एवढंच. व्हिडिओ प्लेअरला शेजारची सबटायटलची फाइल न सापडणं, वेक्टर चित्रात जोडलेल्या इमेज गायब होणं, हे सगळं याच घरचं आहे. एडिटरमध्ये फाइलचा मार्ग बघा. ‘डॉक’वाला मार्ग दिसला तर समजा की फाइल पोर्टलमधून आली आहे. वर सांगितल्याप्रमाणे फोल्डरची परवानगी दिलीत की पोर्टलही खरा मार्गच देतं, आणि शेजारच्या फाइली दिसायला लागतात.

फाइल उघडायची खिडकीच येत नसेल तर ती वेगळी भानगड. पोर्टलला प्रत्येक डेस्कटॉपसाठी एक बॅकएंड लागतो: ग्नोमचा, केडीईचा, जीटीकेचा. साधा विंडो मॅनेजर वापरणारे अनेकदा फक्त डब्ल्यूएलआरचा बॅकएंड बसवतात, आणि तो स्क्रीनशॉट आणि स्क्रीन शेअरिंगपुरताच आहे, फाइल निवडायची खिडकी त्यात नाही. सोबत जीटीकेचा बसवला की काम होतं. तुमच्या वर्णनात हे लक्षण नाही, म्हणून पुढे जातो.

आता एक्झिफटूल. इथेही तोच शेल उघडा आणि आतून एक्झिफटूल शोधा, सापडणार नाही. तुम्ही एपीटीने ते उबुंटूच्या यूएसआरमध्ये ठेवलंत, एडिटर रनटाइमच्या यूएसआरमध्ये बघतोय. लायब्ररीचंही हेच. ‘अमुक लायब्ररी सापडत नाही’ अशी चूक फ्लॅटपॅकच्या ॲपने दिली तर बाहेर कितीही पॅकेजेस बसवली तरी तिला फरक पडत नाही. ती चूक पॅकेज बनवणाऱ्याने एखादी लायब्ररी सोबत घातली नाही म्हणून असते, किंवा रनटाइम अर्धवट उतरला म्हणून. दुसऱ्या शक्यतेसाठी ‘फ्लॅटपॅक रिपेअर’ चालवून बघावं. पहिलीसाठी ॲपच्या पॅकेजिंगच्या ठिकाणी तक्रार नोंदवणं हाच रस्ता.

काही जण सुचवतील की होस्टचं यूएसआर ‘रन’खालच्या ‘होस्ट’ फोल्डरात दिसतं, तिथल्या लायब्ररींचा मार्ग एलडी लायब्ररी पाथमध्ये (लायब्ररी कुठे शोधायच्या ते सांगणाऱ्या सेटिंगमध्ये) घाला. कृपा करून हे करू नका. बाहेरच्या लायब्ररी बाहेरच्या ग्लिबसीवर (बाकी सगळे ज्यावर उभे असतात त्या मूळ सी लायब्ररीवर) बांधलेल्या असतात. आतली ग्लिबसी जुनी असेल तर ‘अमुक आवृत्ती सापडली नाही’ म्हणून ॲप उघडणारच नाही, आणि नशिबाने उघडलं तर मध्येच कुठेतरी कोसळेल. न उघडणं परवडलं, फाइल सेव्ह करताना कोसळणं परवडत नाही.

स्क्रिप्टसाठी काय करायचं हे तुमच्या कामाच्या पद्धतीवर ठरेल. आधी बघा की त्या एडिटरसाठी फ्लॅटहबवर जोडपॅकेज आहे का. गिंपला आणि ओबीएसला अशी प्लगइनची पॅकेजेस आहेत, ती बरोबर जागी बसतात. नसेल तर एक्झिफटूल पर्लमध्ये लिहिलेलं आहे, त्याच्या फाइली ॲपला दिसणाऱ्या एखाद्या फोल्डरात ठेवून चालवता येतात, पण आत पर्ल हवं. ते आहे का हे त्या शेलमध्येच विचारा. तिसरा मार्ग ‘फ्लॅटपॅक स्पॉन’ला ‘होस्ट’ देण्याचा, म्हणजे आतून बाहेरची कमांड चालवणं. त्यासाठी ॲपला सेशन बसवर (प्रोग्रॅमनी एकमेकांशी बोलायच्या वाहिनीवर) फ्लॅटपॅकच्या सेवेशी बोलायची परवानगी द्यावी लागते. ती दिली की ॲप बाहेर काहीही चालवू शकतं, सँडबॉक्स, म्हणजे हा पिंजरा, नावापुरता उरतो. कोड लिहायच्या एडिटरसाठी मी ती जाणूनबुजून दिलेली आहे, फोटो एडिटरसाठी देणार नाही. तुमच्या जागी मी एडिटरमधून एक्सपोर्ट करेन आणि एक्झिफटूलची स्क्रिप्ट नंतर टर्मिनलमधून त्या फोल्डरवर चालवेन. एक पायरी वाढते, पण प्रत्येक अपडेटनंतर काय मोडलं ते शोधत बसावं लागत नाही.

‘लायब्ररी आधीच असताना गिगाबाइटभर रनटाइम का उतरवतो’ असंही तुम्ही विचारलंय. प्रत्येक ॲप ठरावीक रनटाइमच्या ठरावीक शाखेवर बांधलेलं असतं. फ्रीडेस्कटॉपचा रनटाइम दरवर्षी ऑगस्टमध्ये येतो, म्हणून त्याची नावं २३.०८, २४.०८ अशी असतात, आणि प्रत्येकाला दोन वर्षं आधार मिळतो. ग्नोम आणि केडीईचे रनटाइम त्याच्यावर उभे राहतात. तुमची दोन ॲप्स दोन शाखांवर असतील तर दोन्ही शाखा लागणारच. यादीत दिसणाऱ्या आकारांची बेरीज मात्र करू नका. फ्लॅटपॅक साठवणीसाठी वापरतो त्या ओएसट्रीमुळे सारख्या फाइली डिस्कवर एकदाच राहतात, त्यामुळे प्रत्यक्ष जागा बेरजेपेक्षा कमी लागते. ‘या शाखेचा आधार संपला’ असा संदेश आला म्हणजे ॲप आजच बंद पडेल असं नाही. त्या रनटाइममध्ये आता सुरक्षेच्या दुरुस्त्या येणार नाहीत, आणि ॲपच्या पॅकेजरने नवीन शाखेवर जायला हवं, असा त्याचा अर्थ. कुणालाच नको असलेले रनटाइम ‘अनइन्स्टॉल’ला ‘अनयूज्ड’ देऊन जातात. जबरदस्तीने हाताने काढू नका.

उरली एनव्हिडियाची गोष्ट. सँडबॉक्सने सगळ्या लायब्ररी आत घेतल्या तरी कर्नल एकच असतो, बाहेरचा, आणि एनव्हिडियाच्या बंदिस्त ड्रायव्हरचे दोन भाग असतात: एक कर्नलमधलं मॉड्यूल, दुसरा ॲपच्या बाजूच्या लायब्ररी. या दोघांची आवृत्ती शेवटच्या आकड्यापर्यंत जुळावी लागते. फ्लॅटपॅक कर्नलमधल्या मॉड्यूलची आवृत्ती वाचतो आणि नेमकी त्याच आकड्याची जीएल एक्स्टेंशन (ग्राफिक्सच्या लायब्ररींचं जोडपॅकेज) शोधतो. परवा एपीटीने मॉड्यूल पुढे नेलं, एक्स्टेंशन जुन्याच आकड्याची राहिली. जुळणारी सापडली नाही की चित्र काढायचं काम प्रोसेसरवर पडतं, म्हणून रखडणं. काही ॲप्स तर उघडतच नाहीत. आधी मशीन रीबूट करा, म्हणजे नवीन मॉड्यूल खरोखर चढेल, मग ‘फ्लॅटपॅक अपडेट’. क्रम उलटा केलात तर तो जुन्या आकड्याचीच एक्स्टेंशन आणून ठेवील. ‘फ्लॅटपॅक’ला नुसतं ‘जीएल ड्रायव्हर्स’ दिलं की तो कोणता आकडा शोधतोय ते छापतो. स्थापित यादीत तोच आकडा आहे का बघा. ड्रायव्हर अगदी ताजा असेल तर एक्स्टेंशन यायला थोडा वेळ लागू शकतो.

तुम्ही विषय काढलात म्हणून स्नॅप या उबुंटूच्या अशाच पॅकेज पद्धतीबद्दल दोन गोष्टी. तिथे बंदोबस्त प्रामुख्याने ॲपआर्मरचा (कर्नलमधल्या परवानगी तपासणाऱ्या यंत्रणेचा) असतो, म्हणून चूकही निराळी येते: ‘फाइल नाही’ऐवजी बहुतेकदा ‘परवानगी नाकारली’, आणि कर्नलच्या लॉगमध्ये त्याची ‘डिनाइड’ अशी नोंद सापडते. तिथे एमएनटी आणि मीडिया फोल्डर ‘रिमूव्हेबल मीडिया’ या इंटरफेसमधून मिळतात, आणि तो आपोआप जोडलेला नसतो. ‘स्नॅप कनेक्शन्स’ने बघा, ‘स्नॅप कनेक्ट’ने जोडा. होमच्या इंटरफेसमधून टिंबाने सुरू होणारे लपलेले फोल्डर दिसत नाहीत. तो बिघाड नाही, मुद्दाम केलेलं आहे. ॲपइमेज (अख्खं ॲप एकाच फाइलमध्ये देणारी पद्धत) मात्र या पंगतीतलं नाही. त्याला स्वतःचा सँडबॉक्स नसतो, आणि त्याची नेहमीची तक्रार जुन्या फ्यूज २ लायब्ररीची असते, जी उबुंटू २२.०४ पासून आधीच बसवलेली येत नाही.

देब की फ्लॅटपॅक? अडचण डिस्क आणि ड्रायव्हरचीच असेल तर फ्लॅटपॅक ठेवा, दोन्ही आज सुटतील. तुमचं रोजचं काम एडिटरमधूनच चारपाच बाहेरच्या कमांड चालवण्यावर उभं असेल तर देब घ्या, त्यात काही कमीपणा नाही. फक्त देबवर जाताना जुन्या सेटिंग्ज हरवल्या असं समजू नका. त्या होममधल्या लपलेल्या ‘व्हार’ फोल्डरात, ‘ॲप’खाली, ॲपच्या आयडीच्या नावाने ठेवलेल्या असतात. आतल्या ‘कॉन्फिग’ आणि ‘डेटा’ फोल्डरांतून त्या उचलून नेता येतात. देबमधली एडिटरची आवृत्ती जुनी असेल तर त्याचा डेटाबेस आधी कॉपी करून ठेवा, कारण नव्या आवृत्तीने बदललेला डेटाबेस जुनी आवृत्ती उघडेलच असं नाही.

एवढं करूनही डिस्क दिसली नाही तर मला तीन गोष्टी लिहून पाठवा: ‘इन्फो’ला ‘शो परमिशन्स’ देऊन आलेला मजकूर, ‘ओव्हरराइड’ला ‘यूजर’ आणि ‘शो’ देऊन आलेला मजकूर, आणि आतल्या शेलमधून एमएनटीची यादी मागितल्यावर जे दिसलं ते जसंच्या तसं. डिस्क कोणत्या फाइलसिस्टिमची आहे आणि लॉगिनच्या आधी माउंट होते की नंतर, तेही सांगा. एडिटर आधी उघडला आणि डिस्क मागाहून चढली, तर आत रिकामा फोल्डर दिसण्याचीही शक्यता आहे.